एका पेनीचा हिशेब

आपल्या भाषेत या जागेला नावे पुष्कळ आहेत, आणि त्यांतले एकही सरळ नाही. जुनी माणसे ‘परसाकडे’ जात, त्याहून सोवळी माणसे ‘बहिर्दिशेस’ जात. शाळेत करंगळी वर करून ‘एकीला’ आणि दोन बोटे वर करून ‘दुकीला’ जाण्याची परवानगी मागत असू. संस्कृताने त्याची ‘लघुशंका’ केली. ‘शेतखाना’ या शब्दात शेत नाही. तो मुळात ‘सेहतखाना’, म्हणजे प्रकृतीचे घर. माळव्यात आपण ‘पायखाना’ म्हणतो, तोही फारसीच. जो माणूस हे सगळे उचलून न्यायचा त्याला ‘हलालखोर’ म्हणत, म्हणजे कष्टाची, हक्काची भाकरी खाणारा. नाहीतर ‘मेहतर’, म्हणजे मूळ अर्थाने वडीलधारा, श्रेष्ठ. त्याला नाव दरबारी दिले, पण वाट मागच्या बोळातली दिली.

यांतले पहिले दोन शब्द पुन्हा पाहा. परस घरामागे असते आणि बहिर्दिशा गावाबाहेर. दोन्ही शब्दांत माणूस घरी आहे आणि तिथून निघून थोडा दूर जाऊन परत येणार आहे, असे धरलेले आहे. तोच माणूस घरापासून दोन कोसांवर, भर बाजारात, टळटळीत दुपारी असेल तर त्याने कुठे जायचे, याला शब्द नाही. पुरुषाला शब्दाची गरज पडली नाही, त्याला भिंत मिळाली. आणि बाई त्या वेळी बाजारात असेल, हेच गृहीत नव्हते.

सार्वजनिक शौचालयाचा इतिहास बहुधा गटारांचा, नळांचा आणि साथीच्या रोगांचा म्हणून सांगितला जातो. तो तसा आहेच. पण त्याच्या आत दुसरा एक इतिहास आहे: शहराने रस्त्यावरच्या कोणत्या माणसाला आपला मानले, आणि कोणाकडून त्याचे पैसे घेतले. आज मी हा दुसरा इतिहास एका नाण्याच्या मागोव्याने सांगणार आहे. सुरुवात लंडनपासून करावी लागते, कारण तिथे या नाण्याचा हिशेब लिहून ठेवलेला सापडतो.

साल १८५१. इंदुरात दुसरे तुकोजीराव गादीवर होते, पण अजून राज्याचा कारभार त्यांच्या हाती आला नव्हता. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटायला दोन वर्षे होती. लंडनच्या हाईड पार्कात काचेचा एक प्रचंड महाल उभा करून जगभरच्या वस्तूंचे प्रदर्शन भरवले होते. साडेपाच महिन्यांत सुमारे साठ लाख माणसे ते पाहून गेली. इतकी माणसे दिवसभर एका आवारात राहणार, तर त्यांची सोय काय, हा प्रश्न आयोजकांपुढे आला आणि जॉर्ज जेनिंग्ज नावाच्या नळकाम करणाऱ्या कंत्राटदाराने तो सोडवला. पाण्याने धुतली जाणारी शौचकूपे त्याने तिथे बसवली. दर एक पेनी. पेनी दिली की स्वच्छ बैठक, टॉवेल, कंगवा, आणि वर बुटांना पॉलिश. प्रदर्शन संपल्यावर हिशेब झाला तेव्हा ८,२७,२८० वेळा ही पेनी दिली गेल्याचे निघाले. इंग्रजीत आजही ‘पेनी खर्च करून येतो’ म्हणतात, त्या बोलण्याचे मूळ पुष्कळजण या प्रदर्शनात शोधतात.

या आकड्यात एक गोष्ट दिसत नाही. पुरुषांच्या मुताऱ्या फुकट होत्या. म्हणजे एकीला जाणारा पुरुष हिशेबात आलाच नाही, आणि एकीला जाणारी बाई पेनी देऊन आली. हे कोणी दुष्टपणाने केले असे मला वाटत नाही. मुतारी ही उघडी, दाराशिवायची, स्वस्तात बांधता येणारी वस्तू. बाईला दार हवे, कडी हवी, बैठक हवी. मग दार आले की दारावर माणूस आला, आणि माणूस आला की पैसे आले. इतके साधे ते झाले, आणि म्हणूनच पुढे पुष्कळ वर्षे फारशा कोणाला खटकले नाही.

पुढच्याच वर्षी, १८५२ च्या फेब्रुवारीत, लंडनमध्ये रस्त्यावरची पहिली दोन ठिकाणे उघडली. फ्लीट स्ट्रीटवर पुरुषांसाठी, बेडफर्ड स्ट्रीटवर बायकांसाठी. नाव दिले ‘पब्लिक वेटिंग रूम’. इंग्रजांनाही सरळ नाव सुचत नव्हते, याचे आपल्याला थोडे समाधान मानायला हरकत नाही. दर दोन पेन्स ठेवला. माणसे फिरकली नाहीत आणि काही महिन्यांत दोन्ही बंद झाली. प्रदर्शनात ज्या सोयीला लाखांनी माणसे गेली, तिच्यात भर रस्त्यावर, ओळखीच्या लोकांसमोर शिरणे वेगळे होते.

त्यानंतर पुरुषांसाठी मुताऱ्या वाढत गेल्या. शतक संपता संपता चौकाखाली, जिना उतरून जायची, चकचकीत फरशांची शौचालये झाली. बायकांची सोय मागेच राहिली. ही अडचण नगरपालिकेच्या आधी दुकानदारांना कळली. बाईला घरी जावे लागले तर ती खरेदी अर्धी टाकून जाते, हे गणित मोठ्या दुकानांनी केले आणि आपल्या आत बायकांसाठी खोल्या काढल्या. ज्या बाईकडे तिथे खरेदी करायला पैसे होते तिची सोय झाली. फुले विकणारी, कपडे धुणारी, गिरणीत जाणारी बाई बाहेरच राहिली.

इथे जॉर्ज बर्नार्ड शॉ येतात. नाटककार शॉ आपल्याला ठाऊक आहेत, निदान पु. लं.च्या ‘ती फुलराणी’मुळे. पण १८९७ ते १९०३ अशी सहा वर्षे हे गृहस्थ लंडनमधल्या सेंट पँक्रस भागाच्या स्थानिक कारभारात सभासद म्हणून बसत होते. गटारे, कचरा, दिवाबत्ती, पट्टी हे त्यांचे विषय. कॅम्डन भागातल्या एका वर्दळीच्या चौकात बायकांसाठी शौचालय बांधावे असा विषय सभेपुढे आला आणि गदारोळ झाला. आसपासच्या मालमत्तेची किंमत उतरेल, रस्ता अडेल, आणि सभ्य बायकांना असल्या गोष्टीची गरज पडतेच कशी! रस्ता अडतो की नाही हे पाहण्यासाठी नियोजित जागेवर लाकडी फळ्यांचा एक नमुना उभारला. झाले असे की त्या भागातला हरेक गाडीवान आपली घोडागाडी नेमकी त्या फळ्यांवर घालू लागला. एरवी लंडनच्या गर्दीतून सफाईने वाट काढणाऱ्या या मंडळींना एवढा मोठा ठोकळा दिसेनासा झाला. शॉ काय ते समजले. शौचालय अखेर झाले, पण मध्ये काही वर्षे गेली.

शॉ यांनी १९०९ मध्ये याच अनुभवावर एक लेख लिहिला. बायकांना मताधिकार का हवा, याचे एक कारण सभेत उच्चारताच येत नाही, असा त्याचा रोख होता. कमिटीत सगळे पुरुष. त्यांना अडचण ठाऊक नाही, ठाऊक असली तर बोलायची लाज, आणि कोणी बोललाच तर बाकीचे हसणार. तेव्हा त्या टेबलाशी बाई बसल्याशिवाय हे व्हायचे नाही. दुसरा मुद्दा त्यांनी पेनीचा मांडला. पुरुषाला फुकट आणि बाईला पेनी. गरीब बाईला ती पेनी परवडत नाही, म्हणजे तिच्यासाठी ते शौचालय नसल्यासारखेच.

थोड्याच वर्षांनी त्यांनी ‘पिग्मॅलियन’ लिहिले. नाटकाचा पडदा वर जातो तेव्हा एक मुलगी पावसात, रात्री, कॉव्हेंट गार्डनच्या देवळाच्या ओसरीत फुले विकत उभी आहे. आपण तिचे उच्चार ऐकतो आणि हसतो. सेंट पँक्रसची टिपणे वाचल्यापासून मला मात्र ती मुलगी सकाळपासून तिथे उभी आहे, हे आधी दिसते.

१९६३ मध्ये बार्बरा कॅसल या खासदारबाईंनी पार्लमेंटात एक लहानसा कायदा करून घेतला. सार्वजनिक शौचालयांच्या दाराशी असलेली फिरती लोखंडी फाटके काढून टाकावीत, एवढाच त्याचा विषय. गरोदर बायका, लेकुरवाळ्या, पिशव्या घेतलेल्या म्हाताऱ्या त्यांत अडकत. पुरुषांच्या मुतारीला फाटकच नव्हते, त्यामुळे हा कायदा करायला बाईच यावी लागली. शॉ यांचे म्हणणे चोपन्न वर्षांनी खरे झाले.

आता आपल्याकडे येऊ. शॉ यांचा लेख आला त्याच १९०९ सालचे एक पत्र आपण सर्वांनी कधी ना कधी वाचून हसलो आहोत. ओखिलचंद्र सेन नावाच्या बंगाली गृहस्थांनी अहमदपूर स्टेशनवरून रेल्वेच्या साहेबाला मोडक्या इंग्रजीत लिहिलेले ते पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ठेवले आहे. फणस जास्त झाला, पोट बिघडले, स्टेशनवर उतरून बसले तोच गार्डाने शिट्टी फुंकली, आणि एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात धोतर अशा स्थितीत गाडीमागे धावताना ते सर्वांदेखत पडले. डब्यात शौचकूप नसण्याच्या काळाचा हा मोठा पुरावा. पण ओखिलबाबू निदान उतरू शकले. त्याच गाडीतल्या बायकांनी काय केले, याचे पत्र कोणी लिहिले नाही. त्यांनी काय केले असेल हे सांगायला पत्राची गरजही नाही. आदल्या रात्रीपासून पाणी सोडले असेल. प्रवासाला निघताना बाईने पाणी न पिणे हा आपल्या घरांतला इतका जुना रिवाज आहे की तो कोणी शिकवल्याचेही आठवत नाही. पुढे लघवीची जळजळ आणि ताप आला की त्याला ‘उन्हाळी लागली’ म्हणायचे आणि सब्जा भिजवून प्यायचा.

आणि वाड्यांविषयी बोलल्याशिवाय आपल्यासारख्यांनी हा विषय सोडू नये. होळकर, शिंदे, गायकवाड, पवार यांच्याबरोबर आपले पूर्वज नर्मदेपलीकडे आले आणि त्यांनी इथे दक्षिणेसारखे वाडे बांधले. पुढे देवडी, मध्ये चौक, मागे विहीर आणि सर्वांत मागे टोपलीचा संडास. त्याला बाहेरच्या बाजूने एक लहान झडप असे, बोळात उघडणारी. त्या झडपेतून एक बाई पहाटे टोपली ओढून घेई आणि डोक्यावर घेऊन जाई. घरातल्यांनी तिला क्वचितच पाहिले असेल. झडपेची योजनाच त्यासाठी होती. सार्वजनिक शौचालय आपल्याकडे इतके उशिरा का आले, याचे एक उत्तर या झडपेत आहे. घरातल्या बाईला बाहेर जायचे नव्हते आणि बोळातल्या बाईला आत यायचे नव्हते. मग सोय करायची कोणासाठी?

इंदूरच्या इतिहासात या बोळाकडे एकदा मोठ्या समारंभाने पाहिले गेले. तिसऱ्या तुकोजीरावांनी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावले. त्यांचा इंदूरवरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये दरबारला सादर झाला आणि नगररचनेचे विद्यार्थी तो आजही वाचतात. शहरात प्लेग होता आणि हा साहेब वह्या-नकाशे घेऊन गल्लीबोळांत हिंडताना पाहून लोक बिथरले होते. गेडिस यांनी त्यावर उपाय काढला तो दिवाळीच्या मिरवणुकीचा. ज्या रस्त्यांवरचे लोक आपला भाग सर्वांत स्वच्छ ठेवतील त्या रस्त्यांवरून मिरवणूक जाईल, असे जाहीर केले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता, आणि शहराचे झाडूवाले पांढरे स्वच्छ कपडे घालून, झाडूंना फुलांच्या माळा बांधून चालत होते. कल्पना सुंदर खरीच, आणि त्या दिवाळीत इंदूर झाडूनपुसून निघाले. दिवाळी झाल्यावर माळा उतरल्या आणि टोपल्या पुन्हा डोक्यावर गेल्या.

ती टोपली उतरवण्याचे काम मिरवणुकीने होणारे नव्हते. कोकणातल्या आप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात शौचकूपे साफ करण्याचे काम आपल्याला द्यावे म्हणून उपास केला. तुरुंगाच्या नियमाने ते काम ठरावीक जातींकडेच होते. त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधीजींनीही उपास केला. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रम काढून आप्पांनी, ज्याला दुसऱ्या माणसाचा हात लागणार नाही असा स्वस्त संडास कसा बांधावा, यातच आयुष्य घातले. कोकणातला ब्राह्मण संडासावर पुस्तके लिहितो म्हणून त्यांची टिंगल झाली. १९४९ मध्ये मुंबई सरकारने वि. ना. बर्वे यांची समिती या कामगारांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी नेमली, १९५२ मध्ये तिचा अहवाल आला. टोपल्यांच्या संडासांवर बंदी घालणारा देशाचा कायदा मात्र व्हायला १९९३ उजाडले, आणि गटारात उतरून माणसे मरणे त्या कायद्यानेही थांबले नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशा प्रत्येक मृत्यूपोटी दहा लाख रुपये द्यावेत असा आदेश द्यावा लागला, २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली.

मधल्या काळात पेनी आपल्याकडे आली होती. बिंदेश्वर पाठक यांनी १९७० मध्ये बिहारात ‘सुलभ’ची स्थापना केली आणि १९७४ मध्ये पाटण्यात ४८ बैठकांचे, रात्रंदिवस उघडे, पैसे देऊन वापरायचे शौचालय सुरू केले. बिहारात शौचाला कोण पैसे देणार, म्हणून लोक हसले होते. माणसांनी रांगा लावल्या. पाठक यांचे मोठेपण निर्विवाद आहे: पैसे येऊ लागले म्हणून पाणी आले, दिवा आला, दाराशी पगारी माणूस आला. नगरपालिकेच्या फुकट शौचालयांत यांतले काहीच नसे. पण १८५१ चा तो जुना फरकही त्याबरोबर येऊन बसला. पुष्कळ शहरांत पुरुषांची मुतारी फुकट राहिली आणि बाईला एकीसाठीही दाराशी पैसे मोजावे लागले.

लंडनने जे पाहिले नव्हते ते मुंबईच्या वस्त्यांतल्या बायकांनी पाहिले. २०११ मध्ये तीसहून अधिक संस्था-संघटनांनी एकत्र येऊन मुंबईत ‘राइट टू पी’ ही चळवळ सुरू केली. नाव ऐकून वर्तमानपत्रांचे संपादक अवघडले, आणि चळवळीला तेच हवे होते. कार्यकर्त्या शौचालयांच्या दाराशी उभ्या राहून पाहणी करू लागल्या. कडी आहे का, दिवा आहे का, पाणी आहे का, पॅड टाकायला डबा आहे का, रात्री किती वाजता कुलूप लागते, आणि पुरुषाला फुकट असलेल्या गोष्टीचे बाईकडून किती घेतात. शौचालय चालवणाऱ्यांचे उत्तर ठरलेले असे: बाई आत गेली की ती एकीला गेली की दुकीला, आम्हाला काय कळणार? उत्तर खोटे नाही. म्हणून दोन्हीचे पैसे बाईकडून घ्यायचे, हा निष्कर्ष मात्र त्या उत्तरातून निघत नाही. दोन्ही फुकट ठेवावे, असाही निघू शकतो.

त्याच वर्षी पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. आपल्यापैकी अनेक घरांत हे मासिक येते. विद्या बाळांनी ते १९८९ मध्ये सुरू केले. डिसेंबर २०१५ मध्ये निकाल लागला. रस्त्यावर असलेल्या बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित शौचालये बांधणे आणि चालवणे हे महापालिकांचे कर्तव्य आहे, त्यासाठी समित्या नेमा, जागा ठरवा, असे न्यायालयाने सांगितले. साहित्याच्या सभेत या निकालाचा उल्लेख व्हावा, कारण तो एका मराठी मासिकाने मागून घेतला आहे.

इंदूर आता देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून २०१७ पासून ओळखले जाते. २०२१ मध्ये ‘वॉटर प्लस’ ठरलेले ते देशातले पहिले शहर. त्याचा मला अभिमान आहे, आणि तो बाळगूनच मी राजवाड्याच्या आसपास पाहतो. फेरीवाल्या बायका तिथे सकाळी दहाला येतात आणि रात्री नऊला उठतात. अशा एखाद्या बाईला दर वेळी पाच रुपये पडतात असे धरा. अकरा तासांत चार वेळा म्हणजे वीस रुपये, महिन्याच्या सव्वीस दिवसांचे पाचशे वीस. शेजारी बसणाऱ्या कंगवेवाल्याचा हा खर्च शून्य. आणि ती टोपली कोणावर सोपवून जाणार, हा प्रश्न वेगळाच. गुडघे धरलेली म्हातारी असेल तर पायऱ्या मोजाव्या लागतात. चाकाच्या खुर्चीतल्या माणसासाठी बांधलेली खोली असली, तर तिच्यात बहुधा फिनाइलचे डबे आणि जुने झाडू ठेवलेले असतात, आणि किल्ली घरी गेलेल्या माणसाकडे असते.

एका बांगडीवालीला मी विचारले, मावशी, दिवसभर कसे करता? ती म्हणाली, सकाळी चहा अर्धा कप घेते, मग घरी गेल्यावरच पाणी.